वीस वेळा पडायचं विमान

दि. २ फेब्रुवारी

ती. अक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

परवा आमच्या दातांच्या लॅबमध्ये माझा निरोपसमारंभ झाला. चौतीस वर्षं कवळ्या केल्या. मालक भाषणात म्हणाले, की या गावातली निम्मी माणसं हसतात ती माझ्या जिवावर. सगळे हसले, आणि त्यातले तिघेचौघे खरोखरच माझ्या दातांनी हसले.

मग भेट म्हणून एक मोठं खोकं दिलं. आत रिमोटवर उडणारं विमान. लहानपणी मला वैमानिक व्हायचं होतं, असं मी कधीतरी डबा खाताना बोलून गेलो होतो म्हणे. सगळ्यांनी आग्रह केला, की आत्ताच उडवून दाखवा. लॅबच्या मागच्या आवारात उडवलं. नऊ सेकंद उडालं (हिशेबनिसांनी घड्याळ लावलं होतं) आणि सायकलींच्या रांगेत शिरलं. नाक एकीकडे, पंखाचे दोन तुकडे दुसरीकडे. हिशेबनीस एकेक तुकडा वेचून माझ्या हातात देत होते आणि तोंडाने अरेरे, अरेरे चाललं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी येताना ठरवलं, की आता विमान मीच बांधायचं आणि असं बांधायचं की आपटलं तरी मोडणार नाही. मोटर, बॅटरी, रिमोट शाबूत आहेत. शेपटीच्या झडपा हलवणारी दोन चिमुकली यंत्रं असतात, त्यांना सर्व्हो म्हणतात, तीही ठणठणीत आहेत. म्हणजे जीव आहे, फक्त देह नवा करायचा. मागची खोली रिकामी करून घेतली आहे. तुझी भावजय यावर काहीच बोलली नाही. बावीस वर्षं शाळेची बस चालवून ती गेल्या वर्षी घरी बसली, तेव्हापासून ती न बोलता पाहते, आणि मला ते बोलण्यापेक्षा जड जातं.

तुझा लोभ आहेच. त्यातला थोडा विमानाच्या वाट्यालाही येऊ दे.

तुझा,
बाळ


दि. ९ फेब्रुवारी

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वैमानिक व्हायचं होतं? तुला? शिडीच्या तिसऱ्या पायरीवर ठेवलं तर घर डोक्यावर घ्यायचास. मी खाली उभी राहून शिडी धरायची आणि तू वर माझ्या नावाने भोकाड पसरायचास. असो. साठी आली, आता आठवणी सोयीच्याच येणार.

फोन का करत नाहीस, असं पुन्हा लिहू नकोस. फोनवर तू नुसता हो हो करतोस आणि ठेवला की विसरतोस. कागदावरचं नाकबूल करता येत नाही.

विमानातलं मला काही कळत नाही, पण आपटण्यातलं कळतं. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. पोरं कुठे पडतात, काय ओढतात, ते कपडा बेतायच्या आधीच धरून चालायचं असतं. दोन गोष्टी लिहून ठेव. जिथे घासणार हे ठाऊक आहे, तिथे आधीपासून दुहेरी कापड लाव. आणि जिथे जोराचा हिसका बसणार, तिथली शिवण फार घट्ट नको. शिवण उसवली तर पुन्हा घालता येते, कापड फाटलं की संपलं. तुझ्या त्या खोक्यातल्या विमानाला उसवायला जागाच नव्हती, म्हणून ते फाटलं.

आणि माया ठेव. नवे शिंपी कापड वाचवायला शिवणीतलं जास्तीचं कापड, म्हणजे माया, कापतात आणि मग कपडा वाढत्या अंगाला होत नाही. तुझं तर अजून शिकणंच व्हायचंय, तुला चार बोटं जास्तच लागेल.

सोबत पडद्याच्या जाड कापडाच्या पट्ट्या पाठवते. शेपटीच्या झडपांना बिजागरी म्हणून चिकटव. धातूची वाकते, ही वाकून परत येते. वरून आणि खालून वेगवेगळा रंग दे, म्हणजे उलट-सुलट कळेल.

तुझं अक्षर असं काय झालंय? बसमध्ये उभं राहून लिहिल्यासारखं. चष्मा बदल.

धाकटीला आशीर्वाद. तिच्या न बोलण्याला माझा पाठिंबा आहे.

तुझी,
अक्का


दि. २७ फेब्रुवारी

ती. अक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

अक्षराचं म्हणशील तर टेबलाचा एक पाय आखूड आहे. आणि तुझं तरी कुठे मोत्यासारखं राहिलंय? तुझ्या पत्रातला ‘शिंपी’ मी आधी ‘शिंगी’ वाचला.

विमान तयार झालं! अंग पन्हळी प्लास्टिकचं केलं. दुकानांवर जाहिरातीचे फलक असतात ना, तेच. वाकतं पण तुटत नाही. फलक जुना होता, त्यामुळे डाव्या अंगावर ‘भव्य सू’ एवढीच अक्षरं आली. उरलेला ‘ट’ कातरकामात गेला. पंख फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलसारख्या जाड फोमचा, आत बांबूची काडी, पुढच्या कडेला चिकटपट्टीचे तीन थर. ते तुझं दुहेरी कापड. पंख दोन्ही टोकांना जरा वर उचललेला आहे, पसरट बशीसारखा. त्याने कललेलं विमान आपणहून सरळ होतं. पंख अंगाला चिकटवला नाही, रबरबँडांनी बांधला. आपटलं की पंख निसटून बाजूला पडतो, मोडत नाही. ही तुझी उसवणारी शिवण. मोटर पुढे न लावता पंखाच्या मागे लावली, म्हणजे ठेच लागेल ती रिकाम्या नाकाला. वरून पिवळं, खालून काळं.

नाक मात्र माझं स्वतःचं. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्याच्या करतो, त्याचं भरीव नाक ओतलं, घासलं, चमकवलं. असं नाक कुठल्याही विमानाला नसेल.

रविवारी गावाबाहेरच्या मैदानावर पहिलं उड्डाण केलं. एकूण समाधानकारक. वारा फार होता, त्यामुळे थोडा त्रास झाला. विमान शाबूत आहे. तुझ्या भावजयीनेही जरा वेळ हातात धरून पाहिलं.

बाकी क्षेम. आठवण ठेवतेस तशीच ठेवत जा.

तुझा,
बाळ


दि. १ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या बंधूंनी तुम्हाला वाऱ्याचं लिहिलं असेल. वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. खोटं बोलायला बाई मी काही यांची कवळी नाही, की बसवली तशी बसेन.

झालं ते असं. यांनी विमान हातातून सोडलं, आणि ते त्या गुलाबी नाकाच्या भाराने सरळ जमिनीत घुसलं. नांगर पाहिलाय ना, तसं. पंख उडून बाजूला पडला. तो परत बांधला, पुन्हा सोडलं, पुन्हा नांगरणी. पडलो तरी नाक वर म्हणतात, पण यांचं नाक दर वेळी खालीच. मैदानावर विमानं उडवणाऱ्यांची एक मंडळी जमते. त्यांचे म्होरके बाजारपेठेतले चष्मेवाले. ते लांबून पाहत होते, ते आले आणि म्हणाले, की पंखाखाली दोन बोटं धरून विमान तोलून बघा, आडवं राहायला हवं. तोललं, तर नाक पाताळात. शेवटी नाक कापलं. विमानाचं हो. चेहरा यांचा झाला.

मग उडालं. खरंच छान उडालं, वन्सं, पिवळं पिवळं, सावकाश. पण लगेच डोलायला लागलं आणि पाण्याच्या टाकीवर आपटलं. नंतर माळ्याच्या हातगाडीत. नंतर पुन्हा टाकी. विमानाला काही म्हणता काही झालं नाही, दर वेळी पंख बांधला की पुन्हा तयार. हे मात्र घामाघूम. पाणी प्यायला म्हणून रिमोट माझ्या हातात दिला, आणि माझी मेलीची चूक झाली. मी ते उडवलं. चार फेऱ्या मारल्या आणि गवतावर उतरवलं.

त्यात माझं कौतुक काही नाही. विमान समोरून आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं, तिथेच सगळे चुकतात, असं चष्मेवाले म्हणाले. मी बावीस वर्षं आरशात बघून बस मागे घेतली. माझं डोकं उलटंच चालतं. हे म्हणाले, बोलाफुलाला गाठ पडली. मग मी पुन्हा उतरवून दाखवलं. ते नको होतं करायला. आठवडाभर आमच्यात मीठ दे आणि दार लाव एवढंच बोलणं चाललंय.

पण वन्सं, मी लिहायला बसले ती यासाठी नाही. हे उडवत होते तेव्हा मी यांच्या हाताकडे पाहत होते. उजवा अंगठा रिमोटच्या काठीवर ठेवला की थरथरतो. डाव्या हाताने ते उजवं मनगट धरतात आणि मी पाहिलं की सोडतात. चहाचा कप हल्ली अर्धाच भरून मागतात. निवृत्तीला अजून दोन वर्षं बाकी होती, ती आधी का घेतली, हे मी विचारलं तर कंटाळा आला म्हणाले. कवळीचा यांना कंटाळा? झोपेत लोकांचे जबडे मोजतात ते. मला विचारवत नाही. विचारलं तर तोंड मिटून घेतील. तुमचं ऐकतात.

रागावू नये. धाकटीवर असते तशी दृष्टी असू द्यावी.

तुमची,
धाकटी


दि. ८ मार्च

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

आज इकडचं तिकडचं काही लिहीत नाही.

मी शिवणाचं दुकान गुडघ्यांमुळे बंद केलं, असं सगळ्यांना सांगितलं. तुलाही. माझे गुडघे उत्तम आहेत. रोज दोन जिने चढते. माझा हात कापतो. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग ओवायचं यंत्र आणलं. मग कात्री रेघ सोडून जायला लागली. शेवटचे सहा गणवेश मी तीन-तीनदा शिवले आणि पोरांच्या आया म्हणाल्या, की काय सफाई आहे. त्या दिवशी कुलूप लावलं. रडले नाही, पण दुकानासमोरून जायला नको म्हणून सहा महिने लांबच्या रस्त्याने भाजी आणली. चार वर्षं झाली, कुणाला सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की हा घराण्यात चालत येणारा कंप आहे. काही करायला गेलं की हात हलतो, मांडीवर ठेवला की गप्प. याने जीव जात नाही, फक्त चहा सांडतो. मी विचारलं, भावालाही होईल का? त्या म्हणाल्या, होऊ शकतो. आणि मी तुला सांगितलं नाही. का, तर माझं बिंग फुटेल. ही माझी चूक.

तुझ्या टेबलाचे चारही पाय सारखे आहेत. ते टेबल आपल्या बाबांनी केलं होतं आणि त्यांच्या हातून पाय आखूड राहणं शक्य नाही. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा, धाकटीला बरोबर ने, आणि मला लिही. अक्षर कसं का येईना. आता दोघांचंही बसमधलंच.

तुझी,
अक्का


दि. १९ मार्च

ती. अक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा नुसताच राग आला, दुसऱ्यांदा तुझा, तिसऱ्यांदा माझा स्वतःचा. चौथ्यांदा धाकटीला वाचून दाखवलं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. तेच. घराण्याचा कंप. इस्टेट काही मिळाली नाही, हा तेवढा सारखा वाटून मिळाला. गोळी दिली आहे, थोडा फरक पडेल म्हणाले. खरं सांगायचं तर फार वाईट काहीतरी निघेल म्हणून मी वर्षभर गेलोच नव्हतो. डॉक्टरांनी जीव जात नाही म्हटल्यावर मी एवढ्या जोरात हुश्श केलं, की बाहेर बसलेल्या बाई आत डोकावल्या.

लॅबचंही सांगतो. एका शिक्षकांची कवळी परत आली. दात एका बाजूला तिरके बसले होते. त्यांनी तक्रारसुद्धा केली नाही, नुसतं म्हणाले, की चावताना जरा शिट्टी वाजते. माझ्या चौतीस वर्षांत कुणाची शिट्टी वाजली नव्हती. मालकांना कारण न सांगता अर्ज दिला.

आता विमान. हात बदलता येत नाही तर विमान बदलू, असं धाकटीच म्हणाली. (आम्ही आता मिठाच्या पलीकडे बोलतो.) सर्व्होपासून शेपटीपर्यंत तारेचा दांडा असतो. त्याचं टोक शेपटीकडच्या पट्टीत सगळ्यात बाहेरच्या भोकात अडकवलं. त्यामुळे अंगठा बोटभर हलला तरी झडप तांदळाएवढीच हलते. मोटरचा जोर निम्म्यावर बांधला. आणि काठीवर अंगठा सरकू नये म्हणून मी माझ्या अंगठ्याचा मेणात ठसा घेतला, जबड्याचा घेतात तसा, आणि गुलाबी मसाल्याची टोपी ओतली. अंगठा आत असा बसतो, की हाडामांसाची कवळीच. तिला पाच दिवस लागले. तीन फुकट गेल्या. चौथी बसली. अक्का, ती चौथी मी हातात धरून किती वेळ बसलो होतो, ते तुला कळेल.

रविवारी तिचा प्रयोग केला. टाकी चुकवली. हातगाडी चुकवली. चष्मेवाल्यांच्या मोटारीच्या टपावर पडलं.

त्यांनी विमान उचललं, उलटंसुलटं केलं, आणि म्हणाले, की तुम्हीच आम्हाला हवे होता. त्यांना मोठ्या माणसांसाठी विमान उडवायचा वर्ग काढायचा आहे. लोक हौसेने येतात, पहिल्या दिवशी विमान मोडतं, दुसऱ्या दिवशी माणूस येत नाही. म्हणून न मोडणारा एक नमुना निवडायचा आहे. वीस वेळा पडून जे पुन्हा उडेल, ते पास. अडचण अशी, की त्यांच्या मंडळींपैकी कुणाला पडताच येईना. कितीही ठरवलं तरी ऐन वेळी बोटं विमान सावरतात. मुद्दाम पाडलेलं खोटं पडतं. त्यांना प्रामाणिकपणे पडणारा माणूस हवा आहे. ते म्हणाले, की तुमच्याइतकं मनापासून पडताना त्यांनी आजवर कुणाला पाहिलं नाही.

रागवावं की फुगावं, कळेना. धाकटीने माझ्या वतीने होकार दिला.

तुझ्या कापडी बिजागऱ्या अजून जशाच्या तशा आहेत. तुझ्या हाताला माझा नमस्कार.

तुझा,
बाळ


दि. ६ एप्रिल

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

कालच्या रविवारी परीक्षा झाली, ती मीच लिहिते. यांना लिहायला सांगितलं तर म्हणतात, लिहिण्यासारखं काही झालं नाही.

मैदानावर पंधरावीस माणसं होती. चष्मेवाले वहीत रेघा ओढत बसले होते. मुकाबल्याला एका सुतारांचं लाकडी विमान होतं. देखणं, पॉलिश केलेलं, दिवाणखान्यात ठेवावं असं. आधी सुतारांनी विनंती केली, की माझंही यांच्याच हातून पडू द्या, न्याय सारखा हवा. यांनी ते घेतलं आणि चौथ्या पडण्यात त्याच्या काड्या झाल्या. सुतार जवळ आले तेव्हा मला वाटलं, आता भांडण. पण त्यांनी आपलं विमान पिशवीत भरलं आणि आमचं ‘भव्य सू’ हातात घेऊन किती वेळ रबरबँड ताणून पाहत बसले. पंख चिकटवायचाच नाही, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं, असं म्हणाले. यांनी ताबडतोब सांगितलं, की कल्पना माझ्या बहिणीची, ती गणवेश शिवते. ‘शिवायची’ नाही म्हणाले, ‘शिवते’ म्हणाले.

मग आमचं. काय वर्णू, वन्सं! टाकीवर पडलं, काटेरी कुंपणात पडलं, शेजारच्या फुटबॉलच्या जाळीत गेलं तेव्हा तिथल्या मंडळींनी गोल झाला म्हणून आरडाओरडा केला. दर वेळी पंख सुटायचा, हे बांधायचे, पुन्हा सोडायचे. प्रत्येक पडण्याला टाळ्या. बाराव्यानंतर यांची कॉलर ताठ झाली. पंधराव्याला तर पडायच्या आधीच मागे वळून पाहिलं, की लोक बघतायत ना.

एकोणीस झाले. विसाव्याला सगळे उठून उभे राहिले. यांनी विमान सोडलं. ते वर गेलं, वळलं, समोरून आमच्याकडे आलं, डुललं, सावरलं, पुन्हा एक फेरी मारून खाली आलं आणि गवतावर टेकून यांच्या बुटांपासून दोन हातांवर थांबलं.

मी यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता डोळे भरून येतील, मला मिठी मारतील. तर हे चष्मेवाल्यांना विचारतात, की हे पडणं धरणार ना? ते म्हणाले, कसं धरू, हे तर उतरणं झालं. हे म्हणाले, थांबा, परत पाडतो. परत सोडलं, परत नीट उतरलं. तिसऱ्यांदाही तसंच. तुमचे बंधू पाय आपटत होते, मंडळी हसून लोळत होती, आणि वहीत एकोणीसच रेघा! चष्मेवाल्यांनी खाली लिहिलं, की विसावी पडझड बाकी.

कालपासून घरात याच एका विषयावर धुसफूस आहे. मला म्हणाले, तू पाड. मी सांगितलं, मला नाही येत. चष्मेवाल्यांना येत नाही, सुतारांना आता पाडावंसं नाही, उडवावंसं वाटतंय. मग चहा घेताना (कप भरून मागितला, सांडला, पुसला) यांना सुचलं. म्हणाले, अक्काला बोलव. तिचा हात माझ्यासारखाच, आणि विमान तर तिने हातात धरलेलंही नाही. याहून लायक माणूस शोधून सापडणार नाही. तुमच्या अंगठ्याचा ठसा घ्यायला मेण वितळवूनसुद्धा ठेवलंय.

तर वन्सं, याच. चार दिवस राहायला या. मागच्या खोलीत तुमच्यासाठी जागा केली आहे. एका भिंतीला शेपट्या टांगल्यात, तेवढ्या सांभाळा.

तुमचीच,
धाकटी


दि. ११ एप्रिल

चि. बाळ आणि चि. सौ. धाकटी यांस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी दुपारच्या गाडीने येते. स्टेशनावर धाकटीने यावं, गाडी तिनेच चालवावी. सोबत शिवणयंत्र आणते आहे. जड आहे, बाळने उचलावं. वर्गासाठी दहा विमानं लागतील असा माझा अंदाज आहे, म्हणजे बिजागऱ्यांच्या पट्ट्या पाचपन्नास. सरळ शिवण यंत्रावर अजून जमते, काल बसून पाहिली.

त्या विसाव्या पडझडीचं एक आत्ताच सांगून ठेवते, मागाहून भांडण नको. मुद्दाम वाईट काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही आणि या वयात मी ते सुरू करणार नाही. मी नीट उडवायचाच प्रयत्न करेन. पुढे जे होईल ते चष्मेवाल्यांनी वहीत लिहावं.

दोघांवर जीव आहे, तो येताना बरोबरच आणते.

तुमची,
अक्का